दोन जुळे कॅमेरे : निवड कशी करावी ?

चांगल्या आणि वाईट वस्तूंतून चांगली वस्तु निवडण्यास फारसें शहाणपण लागत नाहीं. परंतु दोन चांगल्या वस्तू शेजारीं शेजारीं मांडल्या, दोहोंचें घराणें एक, गुणहि बहुतेक सारखे, आणि किंमतींत मात्र सव्वा लाखाचें अंतर, असें झालें म्हणजे घेणाऱ्याची खरी कसोटी लागते. हौशी माणसाची निवड चुकली तर वस्तु कपाटांत पडून राहते, इतकेंच. पण ज्याचें पोट त्या वस्तूवर चालतें, ज्यानें तिच्यासाठीं पतपेढीचें कर्ज काढलें आहे, त्याची निवड चुकली तर पुढचीं तीन-चार वर्षें ती चूक त्याला वागवावी लागते. आणि छायाचित्रकाराच्या बाबतींत तर ती अक्षरशः खांद्यावर वागवावी लागते.

निकॉन ह्या जपानी कारखान्याचे झेड ९ आणि झेड ८ हे दोन कॅमेरे अशा निवडीचें उत्तम उदाहरण होत. झेड ९ हा २०२१ च्या ऑक्टोबरांत जाहीर झाला आणि झेड ८ हा २०२३ च्या मे महिन्यांत. दोन्ही धंदेवाईक कामासाठीं बांधलेले आणि दोन्ही 'मिररलेस', म्हणजे आरसा नसलेल्या, जातीचे. त्यांच्यांतील भेद नीट समजावयाचा असेल तर आधीं ते कोठें एक आहेत हें पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं कॅमेऱ्यांतील आरसा गेला म्हणजे नेमकें काय झालें, येथूनच आरंभ करावा लागतो.

ह्या कारखान्याची स्थापना १९१७ सालीं तोकियो येथें झाली. आरंभीं तेथें भिंगें व प्रकाशविद्येचीं उपकरणें होत असत. त्यांचा पहिला कॅमेरा १९४८ सालीं निघाला. १९५९ सालच्या 'निकॉन एफ' ह्या कॅमेऱ्यानें जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांत त्यांचें नांव झालें. त्या जातीच्या कॅमेऱ्यांत भिंगामागें पंचेचाळीस अंशांत तिरपा बसविलेला एक आरसा असे. भिंगांतून आलेला प्रकाश आरशावरून वर वळे, लोलकांतून फिरे आणि डोळ्याला सुलट चित्र दिसे. कळ दाबतांच आरसा वर उचलला जाई, मागचा पडदा उघडे आणि प्रकाश फिल्मवर पडे. फिल्मच्या जागीं पुढें सेन्सर आला, तरी आरशाची ही उचल-ठेव चालूच राहिली. तिच्यांत दोन उणिवा होत्या. ज्या क्षणाचें चित्र निघे नेमका तोच क्षण छायाचित्रकाराच्या डोळ्याला दिसत नसे. आणि खट्ट असा आवाज होई तो निराळाच.

आरसा काढून टाकला म्हणजे प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सर जें पाहतो तेंच एका लहानशा पडद्यावर डोळ्यासमोर दाखविलें जातें. आरशाला लागणारी जागा मोकळी झाल्यानें भिंगहि सेन्सरच्या जवळ आणतां येतें. जुन्या जातीच्या निकॉनमध्यें भिंगाची बैठक आणि सेन्सर यांत ४६.५ मिलिमीटर अंतर असे; २०१८ सालीं निघालेल्या झेड जातींत तें १६ मिलिमीटरवर आलें आणि बैठकीचा व्यास ५५ मिलिमीटर झाला. त्यामुळें भिंगें रचणाऱ्यांना पुष्कळ मोकळीक मिळाली.

एक अडचण मात्र राहिली होती. सेन्सरवरील चित्र एकदम वाचलें जात नाहीं. वरपासून खालपर्यंत ओळीमागून ओळ वाचली जाते. हें वाचन सावकाश झालें तर तेवढ्या अवधींत फिरती बॅट किंवा पक्ष्याचा पंख पुढें सरकतो आणि चित्रांत तो वाकडा उमटतो. म्हणून आरसा गेला तरी यांत्रिक पडदा ठेवावाच लागे. झेड ९ मध्यें जो सेन्सर बसविला तो थरांचा आहे : वरच्या थरांत प्रकाश टिपणारे बिंदु आणि त्याखालीं वाचनाची यंत्रणा. त्यामुळें सबंध चित्र सेकंदाच्या सुमारें अडीचशेव्या भागांत वाचून होतें. वाचनच इतकें जलद झाल्यावर पडद्याचें काम उरलें नाहीं आणि तो काढून टाकण्यांत आला. झेड ८ मध्येंहि हीच रचना आहे. दोहोंत झिजणारा पडदा नाहीं, इच्छिल्यास आवाज मुळींच नाहीं, आणि प्रकाश घेण्याचा काळ सेकंदाच्या बत्तीस हजाराव्या भागापर्यंत खालीं नेतां येतो.

आतां दोघांचें साम्य पाहावें. सेन्सर दोहोंत ४५.७ मेगापिक्सेलचा. त्यामागचें गणित करणारें यंत्र एकच, त्याचें नांव एक्स्पीड ७. संपूर्ण माहितीसह, म्हणजे रॉ स्वरूपांत, सेकंदाला २० चित्रें. जेपेग स्वरूपांत ३०. आणि ११ मेगापिक्सेलचीं लहान चित्रें चालत असतील तर १२०. माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, मोटार, आगगाडी, विमान यांना ओळखून त्यांच्यावर भिंगाचा नेम धरून ठेवण्याची विद्याहि दोघांना सारखीच अवगत आहे. कळ दाबण्यापूर्वींचा एक सेकंद मागाहून हातीं लागावा अशी सोय दोहोंत आहे. फांदीवरचा पक्षी केव्हां उडेल याची वाट पाहणाऱ्याला तिचें मोल कळतें. समोर ठराविक हालचाल होतांच आपोआप चित्र घेण्याची युक्ति झेड ९ ला २०२३ च्या फर्मवेअरनें मिळाली आणि झेड ८ ला २०२४ च्या फेब्रुवारींत. म्हणजे धाकट्यानें थोरल्याला गांठलें.

ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. एकाच भिंगानें, एकाच प्रकाशांत, दोन्ही कॅमेऱ्यांनीं घेतलेलीं चित्रें छापून भिंतीवर टांगलीं तर कोणतें कशानें घेतलें हें जाणकारालाहि सांगतां यावयाचें नाहीं. म्हणून 'चित्र कोणाचें चांगलें ?' हा बाजारांत सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न येथें निरर्थक ठरतो. भेद चित्रांत नाहीं. चित्र घेतांना पडणाऱ्या श्रमांत आणि पत्कराव्या लागणाऱ्या धोक्यांत आहे.

पहिला भेद वजनाचा. बॅटरी आणि कार्डासह झेड ९ चें वजन १,३४० ग्रॅम आहे आणि झेड ८ चें ९१०. अंतर ४३० ग्रॅमचें. पण छायाचित्रकार नुसता कॅमेरा उचलीत नाहीं, भिंगासह उचलतो, हें विसरतां कामा नये. लग्नसमारंभांत वापरतात त्या २४-१२० मिलिमीटरच्या भिंगाचें वजन ६३० ग्रॅम. तें लावल्यास एकीकडे १,९७० ग्रॅम आणि दुसरीकडे १,५४० ग्रॅम होतात. म्हणजे झेड ८ घेणाऱ्याचा भार शेंकडा बावीसनें हलका होतो. उलट, ४०० मिलिमीटर एफ/२.८ हें क्रीडाछायाचित्रकारांचें भिंग एकटेंच २,९५० ग्रॅमचें आहे. त्यासह ४,२९० आणि ३,८६० ग्रॅम होतात. येथें बचत शेंकडा दहाच. शिवाय इतकें जड भिंग बहुधा एकपायी दांड्यावर टेकवून वापरतात आणि त्यामागें जाड, भरदार कॅमेरा असला तर तोल अधिक चांगला साधतो. तेव्हां वजनाचा भेद हलक्या भिंगांशीं काम करणाऱ्याला मोठा आणि जड भिंगांशीं काम करणाऱ्याला लहान आहे. तोच आंकडा, परंतु दोघांना त्याचा अर्थ निराळा.

झेड ९ चें वजन वाढण्याचें कारण म्हणजे त्याच्या तळाशीं कायमची बसविलेली दुसरी मूठ. कॅमेरा उभा धरला तरी कळ बोटाखालींच येते. झेड ८ ला अशी मूठ वेगळी विकत घेऊन जोडतां येते, पण ती जोडल्यावर त्याचा आकार आणि वजन झेड ९ च्या जवळपास येतें. ज्याला ती मूठ रोज लागणार आहे त्यानें धाकटा घेऊन त्याला थोरला बनविण्यांत फारसा फायदा नाहीं. ज्याला ती क्वचित् लागेल त्याला मात्र ती काढतां येणें हाच मोठा गुण आहे.

दुसरा भेद शक्तीचा. झेड ९ च्या बॅटरींत सुमारें ३६ वॅट-तास ऊर्जा मावते; झेड ८ च्या बॅटरींत सुमारें १६. कॅमेरे बनविणाऱ्यांच्या ठराविक चांचणीप्रमाणें पहिली सुमारें ७०० चित्रांना पुरते आणि दुसरी सुमारें ३३० चित्रांना. ही चांचणी थांबून थांबून एकेक चित्र घेण्याची असते. सलग चित्रें घेतलीं तर दोहोंची संख्या पुष्कळच वाढते, पण त्यांतील प्रमाण साधारण तेंच राहतें. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या स्वागतसमारंभापर्यंत बारा-चौदा तास काम करणाऱ्यानें झेड ८ साठीं तीन-चार बॅटऱ्या खिशांत बाळगाव्यात हें बरें. येथेंहि दुसरी बाजू आहे. झेड ८ ची बॅटरी त्याच कारखान्याच्या पूर्वींच्या अनेक कॅमेऱ्यांतील बॅटऱ्यांच्या कुळांतलीच आहे. ज्याच्यापाशीं आधींचा तसा कॅमेरा आहे त्याच्या घरीं बॅटऱ्या व त्या भरण्याचें यंत्र बहुधा असतेंच. झेड ९ ची बॅटरी मोठ्या, जड कॅमेऱ्यांच्या कुळांतली. ती नव्यानें घ्यावयाची तर महाग पडते.

तिसरा भेद वरवर क्षुल्लक दिसतो, पण धंद्याच्या दृष्टीनें तोच सर्वांत नाजूक आहे. तो म्हणजे कार्डांच्या खांचा. दोन्ही कॅमेऱ्यांत दोन कार्डें बसतात. एकच चित्र दोन्ही कार्डांवर एकाच वेळीं लिहून ठेवावें आणि एक कार्ड बिघडलें तरी दुसऱ्यावर चित्र सुरक्षित राहावें, हा त्यांतला हेतु. झेड ९ मध्यें दोन्ही खांचा सीएफएक्सप्रेस ह्या जलद कार्डांच्या आहेत. झेड ८ मध्यें एक खांच तशी आणि दुसरी नेहमींच्या एसडी कार्डाची. आतां हिशेब करून पाहावा. संपूर्ण माहितीचें एक चित्र सुमारें ५५ मेगाबाइट होतें. सेकंदाला वीस चित्रें म्हणजे ११०० मेगाबाइट. एसडी कार्डाची ही जात सेकंदाला जास्तींत जास्त ३१२ मेगाबाइट घेऊं शकते, तीहि कागदोपत्रीं. म्हणजे दोन्ही कार्डांवर नक्कल ठेवण्याचा नियम पाळला कीं झेड ८ च्या वेगाला संथ कार्डाचा लगाम बसतो. कॅमेऱ्याच्या पोटांतील तात्पुरत्या सांठवणींत कांहीं सेकंदांचीं चित्रें मावतात. ती भरली कीं वेग पडतो.

हा लगाम कोणाला जाचेल ? अंतरपाट दूर होऊन अक्षता पडण्याचा क्षण पुन्हां येत नाहीं. तेथें दुसरी नक्कल असलीच पाहिजे. पण तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. तेवढा वेळ झेड ८ ची तात्पुरती सांठवण पुरते, आणि एसडी कार्ड स्वस्त असून कोणत्याहि गांवीं मिळतें, ही सोयच ठरते. याउलट फुटबॉलच्या सामन्यांत किंवा वाघाच्या झुंजींत दहा-दहा सेकंद कळ दाबून धरावी लागते. अशा वेळीं वेगहि हवा आणि नक्कलहि हवी, असा दुहेरी आग्रह असेल तर तो झेड ९ च पुरवितो.

चौथा भेद उष्णतेचा. ८के दर्जाचें चलच्चित्र सेकंदाला तीस चौकटींनीं सलग घेत राहिल्यास झेड ९ सुमारें १२५ मिनिटें आणि झेड ८ सुमारें ९० मिनिटें चालतो, असें कारखान्याचें सांगणें आहे. मोठ्या शरीरांत उष्णता पसरावयास जागा अधिक, हें त्याचें साधें कारण. हे आंकडे समशीतोष्ण हवेंतले आहेत हें ध्यानांत ठेवावें. दोन्ही कॅमेरे उणें १० ते ४० अंश सेल्सिअस एवढ्याच हवेंत चालविण्यासाठीं आहेत, असें त्यांच्या माहितीपत्रकांत नमूद आहे. ताडोबाचें अरण्य ज्या चंद्रपूर जिल्ह्यांत आहे तेथें मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि वाघ पाणवठ्यावर दिसण्याचे दिवसहि तेच. तेथें कॅमेरा कोणताहि असो, तो ओल्या नव्हे पण जाड पांढऱ्या फडक्याखालीं झांकून ठेवणें आणि चलच्चित्राचे तुकडे लहान घेणें हाच उपाय. पाऊस आणि धूळ यांपासून दोघांनाहि बंदोबस्त आहे. झेड ९ चा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. झेड ८ चा अंशतः तसा व अंशतः कार्बनच्या तंतूंच्या संमिश्राचा. सह्याद्रींतल्या पावसांत छत्रीशिवाय उभा ठेवावा असा मात्र दोघांपैकीं कोणताच नाहीं.

पांचवा भेद वृत्तपत्रांच्या कामाचा. झेड ९ मध्यें आपलें स्थान उपग्रहांवरून ओळखण्याची सोय आणि तारेनें जाळ्याला जोडण्याचें भोंक अंगचेंच आहे. क्रीडांगणावरून गोल झाल्याबरोबर चित्र कार्यालयांत पोंचविणाऱ्याला ह्या तारेवांचून चालत नाहीं. झेड ८ मध्यें स्थान फोनकडून मागून घ्यावें लागतें आणि तारेसाठीं वेगळा जोड लागतो. ज्याचीं चित्रें घरीं आल्यावर निवडलीं जातात त्याला ह्या दोन्ही गोष्टींची उणीव भासणारहि नाहीं.

राहतां राहिला पैसा. भारतांत बाजारांत आला तेव्हां झेड ९ ची किंमत ४,७५,९९५ रुपये होती आणि झेड ८ ची ३,४३,९९५. पुढें भावांत चढउतार होत राहिले आहेत, म्हणून खरेदीच्या दिवशींचा भाव विचारावा. पण दोहोंमधील अंतराची कल्पना यावरून येते. हे १,३२,००० रुपये कोठें जावेत, हाच निवडीचा गाभा आहे. भिंग पंधरा-वीस वर्षें टिकतें, कॅमेरा पांच-सहा वर्षांत मागें पडतो. ज्याच्यापाशीं चांगलें भिंग नाहीं त्यानें थोरला कॅमेरा घेऊन त्याला सामान्य भिंग लावणें म्हणजे उत्तम पखवाज आणून त्यावर फाटकी पुडी चढविण्यासारखें आहे. त्यानें झेड ८ घ्यावा आणि उरलेला पैसा भिंगांत घालावा. भिंगें आधींच आहेत, कामहि वर्षभर ठरलेलें आहे आणि ज्याचा दिवस जड भिंगासह मैदानांत जातो, त्यानें झेड ९ च्या किंमतीस भिण्याचें कारण नाहीं. दोन-तीन हंगामांत तो ती फेडून घेईल. कर्ज काढणाऱ्यानें हप्ता ठरवितांना कार्डें, जादा बॅटऱ्या, विमा आणि नादुरुस्तीच्या काळांत भाड्यानें घ्यावा लागणारा दुसरा कॅमेरा हा खर्चहि धरावा. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण येथें उपदेश नसून हिशेब आहे.

कीर्तीचा मोह हा आणखी एक फसवा सल्लागार. अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेनें २०२४ सालीं चंद्रावर नेण्याच्या कॅमेऱ्यासाठीं निकॉनशीं करार केला आणि त्या कॅमेऱ्याचा पाया झेड ९ हाच आहे. ही गोष्ट त्या यंत्राला भूषणावह खरीच. परंतु नाशिकच्या मंगलकार्यालयांत काम करणाऱ्याला चंद्रावर जावयाचें नाहीं. त्याला रात्रीं अकरा वाजतां शेवटच्या पंगतीचें चित्रहि हात न कांपतां घ्यावयाचें आहे. तसेंच, मोठा कॅमेरा पाहिला म्हणजे गिऱ्हाइकावर छाप पडते असेंहि पुष्कळांना वाटतें. छाप एक दिवस पडते. खांदा रोज दुखतो.

मग निवड करावी कशी ? घेणाऱ्यानें दोन्ही कॅमेरे एकेक दिवस भाड्यानें आणावेत. मोठ्या शहरांत ते मिळतात. दुकानांत पांच मिनिटें हाताळून वजन कळत नाहीं. आपलें नेहमींचें भिंग लावून, आपलें नेहमींचें काम, पूर्ण दिवस करावें आणि संध्याकाळीं तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. बॅटरी किती वेळां बदलावी लागली आणि ती बदलतांना कांहीं निसटलें काय ? कळ सलग किती वेळ दाबून धरली आणि त्या वेळीं कॅमेरा अडला काय ? काम संपतांना हात आणि मान कोणत्या स्थितींत होतीं ? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें झेड ८ च्या विरुद्ध गेलीं तर झेड ९ घ्यावा. तीं विरुद्ध गेलीं नाहींत आणि तिसरें झेड ९ च्या विरुद्ध गेलें, तर झेड ८ घेऊन निश्चिंत व्हावें. तिन्ही उत्तरें समसमान आलीं तर स्वस्त तो घ्यावा, कारण चित्र तेंच येणार आहे. अधिकृत विक्रेत्याची पावती आणि हमीपत्र यांवांचून मात्र दोहोंतील एकहि घेऊं नये; चार पैसे वांचविण्यासाठीं चोरवाटेनें आलेला माल घेतला तर दुरुस्तीच्या वेळीं तो अनाथ ठरतो.

दोन सारख्या हत्यारांत निवड करावयाची म्हणजे हत्यारांची तुलना करण्याआधीं आपल्या कामाचा दिवस नीट तपासावयाचा. ज्यानें आपला दिवस तपासला त्याला दुकानदाराला फारसें विचारावें लागत नाहीं. आणि ज्यानें तो तपासला नाहीं त्याला दोहोंपैकीं कोणताहि कॅमेरा घेतला तरी दुसराच बरा होता असें वाटत राहतें.